साखळी प्रकल्प : ठाणे ते काझा

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल दादाकडे गणपती बसले. जेवणं झाल्यावर पानावर बसल्या बसल्याच ठरलं, की जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला जायचं. विमान-टॅक्सी नाही, आपापल्या गाड्या घेऊन. दादाची डिझेल थार, माझी पेट्रोल जिम्नी. दोन्ही फोर बाय फोर. बर्फासाठी टायरवर चढवायच्या चेन बघाव्या लागतील असं मी म्हटलं, तर दादाने मोदक फोडत निकाल देऊन टाकला, "अगं, मग फोर बाय फोर घेतली कशाला? चेन अल्टोवाल्यांना लागते."

वहिनी म्हणाली, "तुम्ही बसा भांडत. मी पुण्याला माहेरी जाते तेवढे दिवस."

ही वही त्या वाक्याला उत्तर म्हणून. घरातल्या भांडणाला कागदपत्रं लागतात.

रस्ता शिमल्याकडूनच : नारकंडा, कल्पा, खाब, नाको, ताबो, काझा. मनालीकडून जवळ पडेल असं दादाला वाटत होतं, "बोगदा झालाय ना आता." अटल बोगदा ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे, ९.०२ किलोमीटरचा, पण तो रोहतांगच्या पोटातून जातो. त्याने लाहौल हिवाळ्यात उघडं राहिलं. स्पितीला जायला त्यापुढे कुंझुम खिंड लागते, ४,५५१ मीटर, आणि ती हिवाळाभर बंद. म्हणजे शिमल्याच्या बाजूने, किन्नौरमधूनच. आणि त्या रस्त्यावर भुसभुशीत बर्फापेक्षा नाल्यांचं पाणी रस्त्यावर येऊन गोठतं, त्याची भीती जास्त.

१५ सप्टेंबर, रविवार

दादासाठी गणित. व्हॉट्सअॅपवर पाठवलं, निळी टिक आली, उत्तर नाही.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चार चाकांना. ब्रेक तर अल्टोलाही चार चाकांनाच असतात. म्हणजे निघताना आपण पुढे, थांबताना सगळे सारखे.

ताशी ३० किलोमीटर वेग धरला. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ असते, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२, काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१. ब्रेक दाबल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचं अंतर : डांबरावर ५ मीटर, दाबलेल्या बर्फावर जवळजवळ १८, गोठलेल्या थरावर ३५. हे सपाट रस्त्याचं झालं. ०.१ पकड म्हणजे दहात एक उतारावर गाडी उभी केली तरी ती टिकेल की घसरेल हे काठावर. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ डोळ्यांसमोर आण, तो काचेचा आहे असं समज, आणि खाली खाडीऐवजी सतलज, असं लिहून पाठवलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

चेन घ्यायच्या आधी जागा मोजायची. दुकानदार टायरचा साइझ विचारतो, पण टायरवर चेन चढली की चाक जाड होतं, आणि त्या जाडीला आत जागा आहे का, हे गाडीलाच विचारावं लागतं. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत सगळ्यात कमी जागा मागणारा वर्ग 'एस'. त्यालाही टायरच्या पट्ट्यावर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागावर, ३७ मिमी आणि आतल्या बाजूला १५ मिमी मोकळी जागा लागते.

फूटपट्टी आत जात नाही. बोटाने चाचपून अंदाज येतो, माप येत नाही. मग भाचीच्या गणपतीची उरलेली शाडू आठवली. तिने शाळेत छोटी मूर्ती केली होती, उरलेला गोळा ओल्या फडक्यात तसाच होता. त्याचे १५, २० आणि २५ मिमी जाडीचे लाडू केले (व्हर्नियर कॅलिपर कचेरीतल्या लॅबमधून आणला होता, शाडू मोजायला तो पहिल्यांदाच वापरला गेला असेल) आणि टायरच्या आतल्या बाजूला थापले. चाक हाताने फिरवून पाहिलं. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग सोसायटीच्या रॅम्पच्या कडेवर एक पुढचं चाक चढवून पुन्हा तेच, कारण चाक वर दबलं की जागा बदलते. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहे, एक चाक वर गेलं की दुसरं तिरकं होतं.

मागे तिन्ही लाडू शाबूत. पुढे, फुल लॉकला, २५ चा लाडू कापला गेला. २० ला नुसता ओरखडा. १५ चा जसाच्या तसा. म्हणजे माझ्या गाडीला पुढे चेनची १६ मिमीची जाड कडी नको, १२ किंवा ९ मिमीच.

वॉचमन काका बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, विसर्जन झालं की हो."

दादाच्या गाडीचं माप मी घेतलेलं नाही. त्याने गेल्या वर्षी कंपनीच्या २५५/६५ आर १८ ऐवजी मोठे टायर बसवलेत, दिसायला रुबाबदार. मडगार्डमध्ये आता तळहात जेमतेम जातो. तो लाडू त्याने स्वतः थापावा.

२९ सप्टेंबर, रविवार

मुरबाडकडे मित्राची जागा आहे, तिथल्या चिखलाच्या वाटेवर दादाच्या ट्रॅक्शन बोर्डांची चाचणी. भगव्या रंगाचे, दात असलेले, फसलेल्या चाकाखाली सरकवायचे. चिखलात छान चालले. थार मागच्या चाकांवर खोदत बसली होती, बोर्ड लावून पहिल्याच झटक्यात बाहेर. दादा खूश. मी बोर्ड उलटा करून बघितला. मागे त्रिकोणात ५ आकडा.

माझी नोकरी रबाळ्याला, प्लास्टिक मोल्डिंगमध्ये, क्वालिटीला. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ठाण्याच्या हवेत उत्तम माल. पण साधं पीपी शून्याच्या आसपास आणि त्याखाली काचेसारखं वागायला लागतं. २ आकडा असता, म्हणजे एचडीपीई, तर काळजी नव्हती, ते उणे तापमानातही चिवट राहतं. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू बर्फाला पण इन्स्पेक्शन रिपोर्ट देशील."

९ ऑक्टोबर, बुधवार

कचेरीतला डीप फ्रीझर, उणे २० अंश, रात्रभर. आत ठेवलेला माल :

दादाच्या बोर्डाचा कोपरा (त्याला न विचारता कापला, फक्त दोन दात). आणि बकलवाल्या पट्ट्यांचा एक सेट. या पट्ट्या 'स्नो चेन' म्हणून ऑनलाइन दोन हजारांच्या आत मिळतात. जाड पॉलियुरेथेनची पट्टी, वर खिळ्यांसारखे उंचवटे, चाकाच्या आरीतून ओवून बकलने आवळायची. सहा पट्ट्या, म्हणजे दोन चाकांना तीन-तीन. बसवायला इतक्या सोप्या की भाचीनेही बसवल्या असत्या, आणि नेमकं तेच मनात भरलं होतं.

सकाळी बाहेर काढून लगेच हातोडी. बोर्डाचा दात पहिल्या फटक्यात तुटला, कड स्वच्छ, जणू बिस्किट. पट्ट्या मात्र वाकल्या, तुटल्या नाहीत; पॉलियुरेथेन थंडीत बरंच टिकतं. पण बकल वेगळ्या प्लास्टिकचं. आवळताना सहापैकी दोन बकलांच्या जिभेला चीर गेली. पट्टी शाबूत आणि बकल तुटलेलं, म्हणजे चालत्या चाकावर सुटी पट्टी. तिने ब्रेकचा पाइप धरला तर काय, याचा विचार करून सेट परत केला. कारण लिहायच्या रकान्यात "उणे २० ला बकल तडकते" लिहिलं. उत्तर आलं, उत्पादन वापरलेलं दिसते, पैसे परत मिळणार नाहीत. ठीक आहे.

कापडी मोजेही बघितले. टायरवर खरोखर मोज्यासारखे चढतात, आत अजिबात जागा खात नाहीत. आत जागाच नसलेल्या गाड्यांना तोच उपाय. पण मध्येच उघडं डांबर लागलं की फाटतात, आणि किन्नौरचा रस्ता म्हणजे दोनशे मीटर बर्फ, दोन किलोमीटर डांबर, पुन्हा पन्नास मीटर बर्फ. दादाच्या गाडीसाठी मात्र ते कदाचित लागतील. त्याला अजून सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लोखंडी चेन घ्यायची, हे ठरलं. आता कुठली.

दोन घराणी आहेत. एक शिडीची : टायरच्या दोन बाजूंना दोन साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या. ट्रकवाले वापरतात, स्वस्त, मजबूत, तुटली तर तारेने जोडता येते. पण दोन पायऱ्यांमधल्या जागेत टायर नुसताच रबर असतो, आणि आडवं घसरायला लागलं की पायरी फारसं काही करत नाही. दुसरी डायमंडची : पट्ट्यावर तिरक्या चौकटी विणलेल्या, म्हणजे चाक कुठल्याही कोनात असलं तरी कुठली ना कुठली कडी जमिनीवर. वळणं आणि उतार हाच आपला रस्ता आहे, तेव्हा डायमंड. कडी १२ मिमी. साइझ १९५/८० आर १५. व्यासाचा हिशेब पुन्हा करून पाहिला : १९५ चे ८० टक्के १५६, त्याची दुप्पट ३१२, अधिक रिमचे ३८१, एकूण ६९३ मिमी. पॅकेटवरच्या तक्त्यात नेमकं हेच माप छापलेलं हवं. शेजारचं, "चालून जाईल" असं नव्हे.

हे मुद्दाम लिहितेय, कारण आज आलेली जोडी "सर्व एसयूव्हीसाठी" निघाली. लावून बघितली, वरच्या बाजूला तीन बोटं सैल. सैल चेन मडगार्ड फोडते. परत पाठवली. हा दुसरा पार्सलवाला, आणि त्यालाही आता मी ओळखते.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी, फराळ, पाहुणे. मध्ये काहीच झालं नाही. योग्य जोड्या आल्या, दोन. हो, चारही चाकांना.

यावर दादाशी अर्धा तास फोन. त्याचं म्हणणं, एक जोडी पुरे. मी म्हटलं, कुठल्या चाकांना लावशील? नुसती पुढे लावली आणि उतारावर ब्रेक मारला, तर पुढची चाकं धरतात, मागची धरत नाहीत, मागचा भाग दरीकडे फिरतो. नुसती मागे लावली, तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. "सरळ म्हणजे कुठे?" म्हणाला. "वळणावर सरळ कुठे असतं दादा, विचार कर." थोडा वेळ गप्प. मग, "माझी पण बघ मग. दोन जोड्या."

त्याच्या गाडीचा शाडूचा लाडू वहिनीने थापला. १५ चाही कापला गेला. म्हणजे त्या मोठ्या टायरवर चेन बसतच नाही. आता तो कंपनीचे जुने टायर शोधतोय, ते त्याने कल्याणला कुणाला तरी विकलेत.

आज पहिला सराव, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ४१ मिनिटं. चार नाही, एका चाकाला. चेनच्या आतल्या बाजूला लवचीक पोलादी कडं असतं, ते चाकाच्या मागून ओवून दोन्ही टोकं वर आणायची आणि अडकवायची. ते कडं चाकामागे कुठेतरी अडतं, आणि तुम्ही जमिनीवर गाल टेकून आत हात घालून बसता. वर अडकवलं की पुढचा रंगीत हूक, मग कडं मागे सरकवून चाकाच्या आतल्या बाजूला बसवायचं, मग खालची साखळी, मग ताण देणारी. जॅक लागत नाही. दोन गोष्टी चुकल्या : साखळी पीळ पडलेली होती, आणि हुकांची उघडी तोंडं टायरकडे होती. ती बाहेर हवीत, नाहीतर साइडवॉल सोलून काढतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

सरावाचा सहावा दिवस. एक चाक सात मिनिटं. डोळे मिटून करून पाहिलं, नऊ. अंधारात लागणारच आहे.

चाल अशी बसलीय : चेन आधी जमिनीवर पसरायची, पीळ काढायचे, मगच चाकाकडे न्यायची. पेटीत ठेवताना शेवटी काढलेली वर ठेवायची नाही, पहिली लागणारी वर ठेवायची. गुडघ्याखाली योगाची जुनी चटई. बसवल्यावर पन्नास-शंभर मीटर चालवून उतरायचं आणि पुन्हा ताणायची, कारण पहिल्या काही फेऱ्यांत ती स्वतःची जागा शोधते. पार्किंगमध्ये वीस मीटर चालवली, खडखडाट असा, की चौथ्या मजल्यावरच्या जोशी काकू गॅलरीत आल्या. सेक्रेटरींचा मेसेज आला, फरशीला ओरखडे पडलेत. पडलेत खरे.

१४ डिसेंबर, शनिवार

पार्किंगमध्ये २८ अंशांत घामाने निथळत केलेल्या सात मिनिटांना काही अर्थ नाही, हे मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून करून पाहिलं, पण ओले हात आणि गार हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमचे क्रेट घेणारं एक कोल्ड स्टोरेज आहे, तळोज्याला. निर्यातीची कोळंबी आणि मासळी, उणे १८ अंश. तिथल्या साहेबांना फोन केला, की मला आत एक चाक आणून त्याला साखळी बांधायची आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, ऑडिट आहे का?"

आत जायला त्यांचं जॅकेट, गमबूट, टोपी. सोबत त्यांचा एक माणूस, हा नियमच. वीस मिनिटं, जास्त नाही. स्टेपनी हातगाडीवरून आत आणली, लाकडी पॅलेटच्या दोन फळ्यांमध्ये उभी केली. चेन रात्रभर आत ठेवायला आधीच दिली होती. ती पांढरी झालेली. प्रत्येक कडीवर केसाएवढं दव गोठलेलं, आणि हातात घेतली तर कापडी हातमोज्याला चिकटली. नुसता हात लावला असता तर काय झालं असतं, ते सोबतच्या माणसाने बोट दाखवून सांगितलं. त्याच्या अंगठ्याचं टोक गुळगुळीत आहे.

तीन हातमोजे नेले होते. लोकरीचे : दोन मिनिटांत ओले, मग कडक. ट्रेकिंगचे जाड : बोटं उबदार, पण हुकाचं तोंड कुठे आहे हे कळतच नाही, तीन वेळा सुटला. शेवटी त्या माणसाने स्वतःचे काढून दिले, आतून लोकर, बाहेरून रबर, कोल्ड स्टोरेजवाले वापरतात तेच. त्याने जमलं. बारा मिनिटं. एकच चाक. वर अडकवायचा तो आतला जोड अडीच मिनिटं खात होता. लोखंड आखडल्यासारखं वाटतं, खरं तर माझी बोटं आखडली होती.

बाहेर आल्यावर चष्मा एकदम पांढरा. त्या माणसाने विचारलं, "कुठं जाताय?" स्पिती सांगितलं. "तिकडं पैसे देऊन जातात?" म्हणाला. "आम्ही इकडं पगार घेऊन जातो."

परत येताना तुर्भ्याला थांबून तसेच हातमोजे घेतले, चार जोड.

२८ डिसेंबर, शनिवार

किरकोळ कामं, पण प्रत्येकात काहीतरी निघालं.

कूलंट. लॅबच्या रिफ्रॅक्टोमीटरने बघितला, उणे ९ पर्यंतच टिकणारा. इकडे उन्हाळ्यात कमी झाला की गॅरेजवाला नळाचं पाणी घालतो, आणि ठाण्यात त्याने कुणाचं काही बिघडत नाही. सगळा काढून निम्मा कूलंट, निम्मं शुद्ध पाणी. आता उणे ३७. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही बदललं.

दादाचं डिझेल. मुंबईत भरलेली टाकी घेऊन वर जायचं नाही. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतं; भारतीय मानकात ते अडकण्याची कमाल मर्यादा उन्हाळी मालाला १८ अंश आणि हिवाळी मालाला ६ अंश आहे. लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल २०१९ मध्ये आलं, ते काही ठाण्यात मिळत नाही. टाकी जवळजवळ रिकामी करत जायची आणि डोंगरात भरायची.

टायरची हवा. हे गणित मला फार आवडलं. ठाण्यात ३० अंशांत २८ पीएसआय भरली. काझाला उणे १५. थंडीने हवा आक्रसते, एवढ्याच हिशेबाने काटा २२ च्या खाली यायला हवा. पण काझा ३,७०० मीटरवर आहे, तिथे बाहेरचा हवेचा दाबही साधारण ५ पीएसआयने कमी. बाहेरून दाबणारं कमी झालं, की आतला काटा तेवढाच वर चढतो. दोन्ही जमेस धरले तर काटा २७ च्या आसपास. म्हणजे थंडीने जेवढं नेलं, बहुतेक तेवढं उंचीने परत दिलं. तरीही रोज सकाळी बघायचं.

मीठ नको, वाळू हवी. उणे दहाच्या खाली मीठ बर्फावर काही उपयोगाचं राहत नाही. चाळलेली कोरडी वाळू, पाच-पाच किलोच्या चार पिशव्या. आणि अॅल्युमिनियमचं फावडं.

दादाने एचडीपीईचे नवे बोर्ड घेतले. जुन्याचे दोन दात कुणी कापले हे त्याने विचारलं नाही. कंपनीच्या मापाचे टायरही कुठूनतरी मिळवले, चेन घेतली, दोन जोड्या. सराव किती वेळा केलास? "बघितलाय व्हिडिओ."

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

आईने तीळगूळ दिले, पहाटे साडेचारला घोडबंदरवरून निघालो. यापुढे रोज लिहीन असं म्हणतेय.

२० जानेवारी, सोमवार, नाको

रोज लिहिलं नाही. उदयपूर, जयपूर, चंदीगड, नारकंडा, कल्पा. बर्फ अपेक्षेपेक्षा खूपच कमी. कल्प्याला सावलीत ढीग, रस्ता कोरडा. दादा रोज एकदा तरी विचारतो, "चेन कुठंय गं तुझी?"

आज खाब सोडून वर चढताना, नाकोच्या अलीकडच्या वळणांवर पहिला नाला गोठलेला. चाळीस मीटर असेल. निळसर, वरून पाण्याचा पातळ थर. थांबलो. एक स्थानिक अल्टोवाला मागून आला, तोही थांबला, पण चेनसाठी नाही. उतरला, बूट घासत त्या थरावरून चालत गेला, परत आला, पिशवीतून राख-माती काढून दोन चाकांच्या वाटेवर शिंपडली, आणि ताशी पाच किलोमीटरने निघून गेला. जाताना म्हणाला, आधी पायी जाऊन बघा, मग ठरवा.

पायी गेले. मधोमध पाय गेलाच, कंबरेवर आपटले. चेन लावली. चार चाकं, ३४ मिनिटं, उणे ६ अंशांत. तळोज्यापेक्षा सोपं, कारण ऊन होतं. फोर लो (फोर बाय फोरची सगळ्यात संथ, जोरकस चाल), पहिला गिअर, पाय ब्रेकपासून लांब, इंजिनच गाडी धरतं. कडी बर्फात रुतताना आवाज येतो, कर्र कर्र, सुपारी कातरल्यासारखा. पलीकडे पोचले.

दादा म्हणाला, चाळीस मीटरसाठी अर्धा तास? तो तसाच आला. वरती चढताना काही झालं नाही, गाडी आरामात आली. फोर बाय फोर आहे ना. नाल्यानंतर रस्ता थोडा उतरतो, वीस मीटर, सावलीत. तिथे त्याने सवयीने ब्रेकला पाय लावला. गाडी अगदी सावकाश, जणू कुणी ओढत नेतंय, आडवी होत गेली. आवाज काहीच नाही. डोंगराकडच्या गटारात मागचं चाक गेलं आणि थांबली. दुसऱ्या बाजूला कठडा नव्हता.

उतरलो तेव्हा दोघांच्याही तोंडून शब्द नाही. मग बोर्ड काढले. पहिल्या वेळी बोर्डच बर्फावरून मागे फेकला गेला, माझ्या नडगीपासून वितभर. चिखलात बोर्ड खाली रुततो, बर्फावर त्याला धरायला काही नसतं. फावड्याने थर खरवडला, वाळू टाकली, वर बोर्ड, आणि आम्ही दोघं बाजूला. वहिनी गाडीत, तिनेच बाहेर काढली. (ती माहेरी गेली नाही.) मग दादा खाली बसला आणि चेन लावायला लागला. पीळ काढले नव्हते. हुकांची तोंडं आत. मी काही बोलले नाही, फक्त चटई त्याच्या गुडघ्याखाली सरकवली. चार चाकांना एक तास दहा मिनिटं.

रात्री मॅगी खाताना म्हणाला, "ते गणित पुन्हा पाठव."

२३ जानेवारी, गुरुवार, काझा

रात्री हँडब्रेक लावायचा नाही, गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड. लांगझाला जाताना दुसऱ्यांदा चेन लावली, २६ मिनिटं. दादा, ३८. मध्ये दोन-तीन ठिकाणी उघडा रस्ता, काढायचा कंटाळा केला, ताशी १५ ने तसेच गेलो. उतरून बघितलं तर दोन कड्यांच्या कडा चकचकीत घासलेल्या.

२ फेब्रुवारी, रविवार, ठाणे

शुक्रवारी पोचलो. चेन आज धुतल्या. गंज सुरू झालेलाच होता; वरती कोरड्या हवेत दहा दिवस काही झालं नाही, इथे दोन रात्रींत तांबूस ठिपके. गोड्या पाण्याने धुवून, उन्हात वाळवून, इंजिन ऑइलच्या फडक्याने पुसून, तांदळाच्या जुन्या गोणीत. घासलेल्या दोन कड्यांच्या जागी दुरुस्तीच्या कड्या घालायच्यात, नागदेवी स्ट्रीटला बघते. एक हूक वाकलाय, तो दादाच्या चेनचा आहे, माझ्या गोणीत कसा आला माहीत नाही.

तळोज्याला हातमोज्यांची एक जोडी परत द्यायला गेले, त्या माणसाने त्या दिवशी स्वतःचे दिले होते ते. सोबत काझाहून आणलेली सुकी जर्दाळू. पिशवी उघडून एक तोंडात टाकलं आणि विचारलं, "आतमधी जास्त गार होतं का तिकडं?" तिकडे, म्हटलं. तो खूश झाला नाही.

वाळूच्या दोन पिशव्या उरल्या. आईने तुळशीच्या कुंडीत घातल्या.